अण्णांच्या वस्तऱ्याची धार

अण्णांना शेवटचं पाहिलं तेव्हा त्यांच्या दाढीत दूधभाकरीचा काला वाळून चिकटलेला होता. जन्मभर गावाच्या दाढ्या केलेला माणूस आणि स्वतःची दाढी छातीला टेकलेली... ओल्या फडक्याने पुसायला वाकले तर असा आंबूस वास आला की मला मळमळलं. बापाची किळस आली असं मुलीने लिहू नये म्हणतात. पण आली, म्हणून लिहिते. "अण्णा, मी करू का दाढी?" असं विचारलं, तर अर्धांगाने वाकडं झालेलं तोंड आणखी वाकडं करून ते म्हणाले, "बायामाणसानं वस्तऱ्याला हात लावू न्हाय." पुढच्याच आठवड्यात माझ्या धाकट्या भावाचा, दत्ताचा, धाराशिवला माझ्या घरी फोन आला. "आक्का, अण्णा गेले." रडू यायच्या आधी माझ्या तोंडून निघालं, "दाढी केली का रे त्यांची?" तो म्हणाला, "न्हाय. तशीच हाय."

येरमाळ्याच्या जवळच आमचं गाव. अण्णा तिथले न्हावी. पिठाच्या गिरणीच्या भिंतीला टेकून त्यांची धोपटी उघडायची. धोपटी म्हणजे त्यांच्या हत्यारांची चामड्याची पिशवी. तिच्यात वस्तरा, कातर, हाताने दाबायचं केस कापायचं मशीन, नखं काढायची नराणी, तुरटीचा खडा, आणि जर्मनची एक वाटी. वाटीतल्या पाण्यावर दहा जणांचे केस तरंगत असत. वस्तऱ्यावरचा फेस अण्णा स्वतःच्या डाव्या हाताला पुसायचे, त्यात लोकांच्या हनुवटीचे खुंट, कधी कुणाच्या फुटलेल्या पुटकुळीचं रक्त. लोक दाढी झाली की हात वर करून काखाही पुढे करायचे. तोच हात धुऊन अण्णा जेवायला बसत आणि तरी माझ्या भाकरीत केस निघायचा. मी ओकाऱ्या काढायची. आई म्हणायची, "ह्याच केसावर तू जगतीस, खा गुमान." ती म्हणायची ते खरंच होतं, पण केस काही गोड लागत नसे.

अण्णांना गावात मान होता असं आता सगळे सांगतात. हे मान होता वगैरे ऐकलं की माझं डोकं फिरतं. बापाच्या वयाच्या माणसाला मिसरूडही न फुटलेली पोरं "ए धोंड्या, चल, आजोबानं बोलावलंय" म्हणत. मोठ्यांच्या ओसरीवर ते खाली उकिडवे आणि गिऱ्हाईक वर खाटेवर. लग्नाची आवतणं वाटायची ह्यांनी आणि जेवायचं सगळी पंगत उठल्यावर. मला ते बघून तेव्हाही संताप यायचा, आजही येतो. असं वाटायचं की इतकं सोसलेला माणूस दुसऱ्याच्या वाट्याला तरी हे येऊ देणार नाही. लहानपणी आपण काहीही समजतो.

माझी वर्गमैत्रीण सुनंदा भीमनगरातली, म्हणजे आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतली. तिचे वडील लाइटच्या ऑफिसात वायरमन. गावात कुणाची लाइट गेली की अपरात्रीही त्यांनाच हाका. ते खांबावर चढत, कुणाच्या माजघरात शिरून बटण दुरुस्त करत, आणि तेव्हा कुणाचं काही बाटत नसे. भीमनगरातले पुरुष डोकं करायला कळंबच्या बाजाराला जात. का जातात, हे गावात कुणी कुणाला विचारत नव्हतं. एका सकाळी मात्र सुनंदाचे वडील इस्तरीच्या शर्टात येऊन गिरणीच्या भिंतीशी नंबरला बसले. मी अण्णांना चहा घेऊन गेले होते. त्यांचा नंबर आला तशी अण्णांनी वस्तरा मिटला, फडक्यात गुंडाळला आणि म्हणाले, "आज धार गेलीया. उद्या बघू."

"काय हरकत न्हाय, अण्णा. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी ते खरंच आले. त्या दिवशीही धार गेली होती. ते उठले, शर्ट झटकला आणि सायकलवर बसून निघून गेले, पुन्हा कधी आले नाहीत. ते वळणापलीकडे जाताच अण्णांनी पाटलाच्या थोरल्याची दाढी केली, त्याच वस्तऱ्याने, गुळगुळीत. त्या रात्री भाकरीत केस नव्हता, तरी मला घास गिळवला नाही.

त्याच वायरमनचा मुलगा मिलिंद, सुनंदाचा भाऊ. येरमाळ्याच्या हायवेला आज त्याचं सलून आहे. फिरती खुर्ची, एसी, भिंतभर आरसा. आमच्या गावात आता दुसरा न्हावी उरलेला नाही. दत्ताने टेम्पो घेतला, धंदा शिकलाच नाही. त्यामुळे सगळं गाव मिलिंदकडे मान वाकवून बसतं. सरपंचही बसतो, दत्ताही बसतो. अण्णा अंथरुणाला खिळले तेव्हा मिलिंदने आपण होऊन निरोप धाडला होता, "अण्णाची दाढी मी घरी यून करतो." अण्णांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. दत्ताने बाजारच्या प्लॅस्टिकच्या ब्लेडने करून पाहिली. दोन जागी कापलं, अण्णांनी आईवरून शिव्या दिल्या, मग त्याने नाद सोडला. आणि गंमत बघा, दर रविवारी हाच माणूस पडल्या पडल्या दत्ताकडून वस्तरा काढून घ्यायचा, समोर बसवून धारेसाठी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून घ्यायचा, तेल लावून परत गुंडाळायला लावायचा. कुणाची दाढी करायची होती देव जाणे. स्वतःची तर कुजत होती. ह्याला लोक करारी बाणा म्हणतात. मला तरी तो निव्वळ घाणेरडा हट्ट वाटतो. त्यांच्या त्या दाढीचा वास मी विसरू शकत नाही, आणि तो वास का होता हेही विसरू शकत नाही.

दहाव्याला नदीवर दत्ताचं डोकं करायचं होतं. कोण करणार? मिलिंदलाच फोन गेला. तो दुकान बंद ठेवून आला. आमच्या चुलत्यांना गहिवरून आलं, त्यांनी धोपटी पुढे केली. "अण्णाच्याच वस्तऱ्यानं कर बाबा. त्येंच्या जिवाला बरं वाटंल." मिलिंदने धोपटीकडे पाहिलं, हात मात्र लावला नाही. "माझं हत्यार हाय माझ्यापाशी," एवढंच म्हणाला, आणि नवं ब्लेड फोडलं. दत्ताच्या डोक्यावर त्याचा हात इतका हलका फिरत होता की मला मान वर करून बघवेना. माझ्या शेजारी बायका कावळ्याकडे बघत होत्या. काम उरकल्यावर त्याने हात धुतले, दत्ताच्या खांद्यावर क्षणभर ठेवले आणि निघून गेला. जेवायला थांब असं त्याला कुणीही म्हणालं नाही. मीसुद्धा नाही.

तेरावं झालं आणि सरपंच घरी आला. ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत बारा बलुतेदारांचं दालन करायचं घाटत होतं. कुंभाराचं चाक मिळालं, सुताराची तासणी मिळाली, आता न्हाव्याची धोपटी हवी. अण्णांच्या फोटोखाली लावायची पाटीही त्याने मोबाइलवर करून आणली होती: 'गावातील सर्वांची निष्ठेने सेवा केली.' दत्ताचे डोळे भरून आले. 

"'सर्वांची' काढा," मी म्हणाले. "भीमनगर सोडून, असं लिहा. मग धोपटी न्या."

सरपंच हसला. "ताई, कशाला जुनं उकरून काढता? माणूस गेला आता."

"माणूस गेला. पाटी ऱ्हाणार हाय नव्हं?"

"आक्का, आपल्याच बापाची अब्रू काढतीस व्हय?" दत्ता म्हणाला. मी धोपटी उचलली आणि धाराशिवच्या गाडीत बसले. दत्ता तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

खरं तर मला ती नकोच होती. कपाटात ठेवली तर कपड्यांना जुन्या चामड्याचा आणि खोबरेलाचा कुबट वास लागला. मशीनच्या दात्यांत अजून कुणाकुणाचे पांढरे केस. शेवटी सुनंदाला फोन केला. ती आता लातूरला असते. सगळं सांगितलं, पाटीचंही, आणि विचारलं, "काय करू गं ह्या हत्यारांचं?" मला वाटलं होतं, ती म्हणेल जाऊ दे, झालं गेलं. ती म्हणाली, "मला का विचारतीस? घाण तुझ्या घरची हाय. तू बघ." तिचं बरोबर होतं. मी तिच्याकडून माफी फुकटात मागायला निघाले होते.

मागच्या आठवड्यात दालन उघडलं. फोटो कुणीतरी मोबाइलवर पाठवला. काचेच्या पेटीत एक धोपटी आहे, कुठल्या तरी जुन्या बाजारातून आणलेली, पॉलिश केलेली. आत चकचकीत वस्तरा. वर आमच्या अण्णांचा हार घातलेला फोटो, दाढी गुळगुळीत, तरुणपणीचा. आणि खाली 'सर्वांची' जशीच्या तशी. दुसऱ्या कुणाचं हत्यार, माझ्या बापाचं नाव आणि सगळ्या गावाचं खोटं, असं एकाच काचेत. हसावं की थुंकावं ते कळेना.

त्याच दुपारी गल्लीत भंगारवाल्याची आरोळी आली. म्हटलं, जाऊ दे ही ब्याद. धोपटी घेऊन दारात गेले, तो दाराशी येईपर्यंत एकदा बघावं म्हणून वस्तरा फडक्यातून सोडवला आणि उघडून पात्यावर अंगठा ठेवला. ठेवला फक्त, दाबला नाही. काही जाणवलंच नाही. मग उंबऱ्यावर रक्ताचे थेंब दिसले. घाईने धोपटीत हात घातला तर तुरटीचा खडा हाताला लागला, अण्णांच्या बोटांनी झिजून मधोमध खोलगट झालेला. तो ओला करून जखमेवर धरला. लहानपणी मी पडले की ते असाच धरायचे, आणि मी किंचाळले की फुंकर घालायचे. तुरटी इतकी झोंबली की डोळ्यांत पाणी आलं. फुंकर घालायला कुणी नव्हतं.

भंगारवाला दारात येऊन म्हणाला, "काय द्यायचंय, ताई?" मी म्हणाले, "काही नाही."

धोपटी आता बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी खुंटीला टांगली आहे. कुणी विचारलं की मी अण्णांचं सगळं सांगते. भाकरीतला केस, खाटेपाशी खाली उकिडवं बसणं, तुरटीवरची फुंकर, आणि इस्तरीचा शर्ट घालून दोन सकाळी नंबरला बसलेला माणूसही. अंगठ्यावर बारीक पांढरी रेघ राहिली आहे, ती दाखवते. अण्णा, धार कधीच गेली नव्हती.