डाव्या हातातल्या बांगड्या

माझ्या मयताची सगळी आखणी मी स्वतः करून ठेवली होती, आणि तीही अशी झोकदार की मंत्र्याला हेवा वाटावा. हिरवी साडी, हिरवा चुडा, कपाळभर मळवट, सेनगावपासून हिंगोलीपर्यंत जीपांची रांग. रडायला हजारेक बाया. त्यातल्या निम्म्या तरी खऱ्या रडणाऱ्या. "सवाष्ण जाणार मी," असं मी गिरणीत, एसटीत, दवाखान्याच्या बाकड्यावर, सापडेल त्याला सांगत सुटले होते.

नवरा समोर बसून ऐकायचा.

"लाकडं वाळलेली घाला. न्हाईतर धुरानं मी उठून बसंन."

"तू उठून बसलीस तर भेवानं अर्धं गाव मरंल. तितकी लाकडं मी कुठून आणू?"

आणि गेला तोच. एका सकाळी अंगणात जीप पुसता पुसता पडला, हातात फडकं तसंच.

तेव्हा मी काय केलं ते लिहायला हात धजत नाही. मी आधी घरात पळाले आणि डोक्याला बांधायचा रुमाल शोधला. लोक धावत येतील, माझं टक्कल बघतील, हे मला त्याच्याआधी सुचलं.

टकलाची गोष्ट गावाला मी माझ्या पद्धतीनं सांगितली होती. पोटात गाठ निघाली, भोपळ्याएवढी. ती बघायला डॉक्टरांची जत्रा लोटली, एकानं तर तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. वरून औषध असं जालीम की केसच काय, दवाखान्याच्या भिंतीचा रंगसुद्धा उडाला. बाया पोट धरून हसायच्या. खरी गाठ डाव्या छातीत होती, आणि तो शब्द काही माझ्या तोंडातून निघाला नाही. दिवसाला शंभर थापा मारणारी मी त्या एका शब्दापाशी मुकी व्हायचे. ती बाजू डॉक्टरांनी काढून टाकली होती. तिथला व्रण एकट्या नवऱ्यानं बघितलेला. पट्टी तोच बदलायचा, इंजिनात हात घातल्यासारखं तोंड करून. काखेतल्या गाठीही काढल्या होत्या, म्हणून रोज बजावायचा, "डाव्या हाताला ओरखडा नको. सुई न्हाई, चटका न्हाई. एकदा का सुजला की उतरत न्हाई म्हणला डॉक्टर."

शेजारच्या घरातून मोठी जाऊ आली आणि तिनं घर ताब्यात घेतलं. आमचं कधी पटलं नाही. तिला खोटं सोसत नाही आणि मला खरं अळणी लागतं. नवऱ्याच्या जोडीच्या जीपवाल्यांनी त्या दिवशी भाड्याला गाड्या लावल्या नाहीत, लाकडं वाहिली. कोणी फोन लावत होतं, कोणी पाणी भरत होतं. पण विचारायला सगळे माझ्याकडेच.

"वहिनी, मसनवट्यात का मळ्यात?"

"मळ्यात."

"लाकडं?"

"बाभळीची. वाळलेली बघून घ्या."

"कवा उचलायचं?"

"लेक येऊन राहिली पुण्याहून. ती आली की."

फटाफट उत्तरं दिली. एकजण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "बाई लई खंबीर हाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खंबीर कशाची? माझ्या मयतासाठी शिवून ठेवलेलं मी त्याच्या अंगावर चढवत होते.

लेक आली. आमच्याकडे प्रेत उचलायच्या आधी बायकोला न्हाऊ घालतात, कुंकू पुसतात आणि बांगड्या हातातच दगडानं फोडतात. मला परसात धुण्याच्या दगडावर बसवलं. भावकीतल्या बाया भोवती जमल्या, म्हाताऱ्या चुलतसासूनं गोटा घेतला. उजव्या हातातल्या फोडताना काच लागून थेंबभर रक्त आलं. मग तिनं डावा हात धरला. मी मागं ओढला.

"आत्याबाई, ह्या हातातल्या नको."

"काहून?"

"ह्या हातात दवाखान्यातली वीज भरलीय. तुमालाच झटका बसंल."

कोणी हसलं नाही. तिनं पुन्हा हात धरला, गोटा वर गेला. ओढाताणीत ओला पदर घसरला, झंपरात कोंबलेली चिंध्यांची गुंडाळी सुटली आणि दगडाखालच्या पाण्यात पडली. झंपर डाव्या अंगाला सपाट चिकटलं.

एकीचा तांब्या हातातच राहिला. पुढच्या अंगणात नवरा तिरडीवर, आणि मी इथं त्या गुंडाळीवर पाय ठेवून ती झाकायला बघत होते.

"पाठी करा गं समद्या!" जाऊ कडाडली. "काय बघून राहिल्या?"

बाया वळल्या. बाहेर तोंड करून, पदर पसरून, आडोसा करून उभ्या राहिल्या. चुलतसासूसुद्धा, गोट्यासकट. जाऊ माझ्यापुढं उकिडवी बसली. माझा पाय बाजूला करून तिनं गुंडाळी उचलली, पिळली, माझ्या मांडीवर ठेवली आणि कानाशी लागली.

"पोटात गाठ म्हणं! इतकं वर असतंय व्हय गं तुहं पोट?"

मला हसू फुटलं. नवरा तिकडं पडलेला आणि मी हसतेय! पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. पाठमोऱ्या बायांनी ते ऐकलं असणारच, कारण एकीनं लगेच हंबरडा फोडला, दुसरीनं तिच्यात सूर मिसळला, आणि सगळ्यांनी मिळून असा आकांत केला की पार वसमतला ऐकू गेला असेल.

त्या गदारोळात मी जावेला सांगितलं, "छातीतली गाठ होती आक्का. हाताला ओरखडा चालत न्हाई." शब्द निघाला, पण मान काही वर झाली नाही.

तिनं साबण मागितला. फेस लावून एकेक बांगडी काढली. हाताला काचू नयेत म्हणून नवऱ्यानं मुद्दाम सैल आणल्या होत्या, त्या अलगद निघाल्या.

"काढायच्या नसतात," चुलतसासू पाठमोरीच पुटपुटली. "फोडाव्या लागतात."

"फोडते की." जावेनं बांगड्या दगडावर मांडल्या, म्हातारीच्या हातातला गोटा घेतला आणि फोडल्या. "आला न्हवं आवाज? झालं मग."

कोरडी साडी नेसवताना तिनं गुंडाळीकडं बोट दाखवून विचारलं, "ही?"

मी ती ओलीच आत कोंबली.

तिरडी उचलली तशा बाया माझ्या गळ्यात पडायला धावल्या. जाऊ माझ्या डाव्या अंगाला भिंतीसारखी उभी राहिली आणि येईल तिला दुसऱ्या बाजूला वळवू लागली.

"इकडून न्हाई. तिकडून ये. तिकडून रड."

मी त्यातल्या एकीच्याही तोंडाकडे बघू शकले नाही.