गाडी थांबली, ओंडके थांबले नाहीत

माझे दोन्ही पाय आज शाबूत आहेत ते वहिनीमुळे. नात्यातली नव्हे. नागपूरच्या लकडगंजमधल्या एका लाकडाच्या वखारीत तिचा नवरा हातगाडी ओढायचा, ती मागून जोर लावायची, आणि आठवी अर्धवट सोडून खानदेशातून आलेल्या मला त्यांनी तिसरा भिडू म्हणून घेतलं होतं. नसतं घेतलं तर कुठे गेलो असतो, ते अजून सुचत नाही. म्हणून आधी तिचं सांगितलं. आता झालं ते.

सागाचे ओंडके भरलेली गाडी चढावर नेणं कष्टाचं, पण उतारावर नेणं भीतीचं. जागची हलवताना ती तिघांचा घाम काढायची आणि एकदा सुटली की तिला आमची गरजच नसायची. चालती वस्तू आपणहून थांबत नाही, असं मास्तरांनी फळ्यावर लिहिलं होतं. मी ते पाठ केलं होतं. खांद्याला कळलं ते नागपुरात. उताराची रीत ठरलेली होती. एकाने पुढे दांडी धरून दिशा द्यायची, बाकीच्यांनी मागून दोर ताणायचा. मागच्याजवळ लाकडी गुटका असायचा. गाडी पळायला लागली की तो चाकाखाली टाकायचा.

"गाडीले सासू समज गा भाऊ," वहिनी पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "ते गप बसली म्हणून तिच्या पुढ्यात उभा राहू नोको."

त्या दिवशी तिचा नवरा तापाने पडला होता. मालकाने सकाळपासून दोनदा मालाचं विचारलं, आणि मला तर कोणी नुसतं नाव घेऊन हाक मारली तरी काम गेलंसं वाटायचं. आम्ही दोघंच निघालो. रेल्वे पुलाचा चढ एका सायकलवाल्याने हात लावून पार करून दिला. उतारावर मी पुढे, ती मागे. अर्ध्यात तिच्या चपलेचा पट्टा तुटला, पाय घसरला, हातातला दोर निसटला. गाडी मला रेटू लागली. मी टाचा रोवल्या. मी जितका जोर लावत होतो तितकाच दांडी माझ्या छातीत परत देत होती.

"सोड! बाजूले हो!" ती ओरडली.

मी सोडली नाही. खाली चौकात सायकलरिक्षे होते, माणसं होती. तिने अनवाणी धावत येऊन गुटका चाकाखाली सारला. गाडी गचकन थांबली. मी दांडीला टेकून सुटकेचा श्वास घेतला.

नवा माणूस हीच चूक करतो. गाडी थांबली म्हणजे सगळं थांबलं, असं त्याला वाटतं. पण वरचे ओंडके आपल्या वेगाने पुढे सरकले होते. त्यांना गाडीशी बांधलेला दोर ताणून क्षणभर अडले, आणि दोर तुटला. तेवढ्या क्षणात वहिनीने माझी कॉलर धरून मला कडेला फेकलं. पहिला ओंडका माझे पाय होते तिथे पडला. दुसऱ्याने तिचं कोपर दांडीवर चेचलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "हात राहील. जोर येणार नाही."

तिचा नवरा अंगावर चादर घेऊन, तापातच आला. मला बघून म्हणाला, "रडून काहून राहिला? तुह्या अंगावर पडलं असतं तं तुह्या मायले तार कुठं केली असती आम्ही? पत्ता तरी सांगितला का तू?"

"त्याले बोलू नका," खाटेवरून ती म्हणाली. "भेला हाय तो."

वहिनी पुन्हा गाडीवर आली नाही. हात कोपरात वाकडाच राहिला. तिचा अंबाडा नवरा बांधायचा, तोही तिरपा. वखारीतली माणसं त्याला "न्हावी" म्हणून चिडवायची. तो हसायचा. ती हसायची नाही.

आता मी हिंगण्याच्या कारखान्यात आहे. बसने ब्रेक मारला आणि माणसं पुढे झुकली की माझ्या हाताची मूठ दांड्यावर घट्ट होते. सुट्टीच्या दिवशी वहिनीकडे जातो आणि सार्वजनिक नळावरून तिचं पाणी भरतो. बाकीचे दिवस ती एका हाताने अर्धी अर्धी बादली आणते, निम्मं पाणी तिच्या लुगड्यावर सांडतं.

तिच्या वस्तीत नळाची लाइन येणार, असं लोक म्हणतात. ती येईल त्या दिवशी तिच्या दारापर्यंतचा चर मी खोदणार आहे, दुसऱ्या कोणाला कुदळ लावू देणार नाही. तिला सांगितलं तर म्हणाली, "तवरीक म्हातारी होईन मी."

झाली तरी खोदीन, वहिनी.