वाढईबाबांचे नंदी

व्हिडिओ कॉल आला की वाढईबाबा आधी हात धुवायला जायचे. मी फोन घेतलेला असायचा, पलीकडची गिऱ्हाईक बाई वाट बघत असायची, आणि हे मोरीवर साबण लावून कोपरापर्यंत हात घासत असायचे. मग टोपी झटकून डोक्यावर ठेवायची आणि माझ्या शेजारी खाटेवर येऊन बसायचं. एकदा मी म्हटलं, "बाबा, त्यांना तुमचे हात दिसत पण नाहीत." तर म्हणाले, "पाव्हना दारात आला ना, पोरी. भुशाच्या हातानं काहून भेटू त्याले?"

बाबा आमचे शेजारी. सौंसरला आमच्या घराला लागूनच टिनाच्या छपराखाली त्यांचं सुतारकाम चालायचं. वर्षभर दारं-खिडक्या, आणि पोळा जवळ आला की फक्त लाकडी नंदी. तान्ह्या पोळ्याला लेकरं सजवून ओढत नेतात, ते चाकांचे बैल. नागपूरची नोकरी सुटून मी घरी आले होते आणि गावातल्या दुकानांची पेजं फोनवर चालवून द्यायचं काम नुकतंच सुरू केलं होतं. बाबांच्या नंदींचं पेज मात्र हौसेनं काढलं. बघता बघता नागपूर, अमरावती, छिंदवाडा, पार पुण्याहून विचारणा यायला लागली.

"फॉलोअर" हा शब्द त्यांच्या तोंडात कधी बसला नाही. ते "ओळखीचे" म्हणायचे. "आज कोणी नवीन ओळखीचे आले का वो?" असं संध्याकाळी विचारायचे. भाव सांगायच्या आधी लेकराचं नाव आणि वय विचारायचे. लेकरू अगदी बारकं असलं तर शिंगं बोथट ठेवायची म्हणून.

एका वर्षी दूरच्या शहरातल्या व्यापाऱ्याचा मेसेज आला. त्याला म्हणे मोठी ऑर्डर द्यायची होती आणि त्याआधी सगळ्या नंदींचे मोठे, स्वच्छ फोटो हवे होते. मला ते खटकलं. "आधी ऑर्डर तर येऊ द्या," मी म्हटलं. बाबा हसले. "पाह्यल्याबिगर कोणी माल घेते काय? देऊन टाक." मी दिले. ऑर्डर आली नाही, आणि तो माणूसही पुन्हा बोलला नाही.

पुढच्या पोळ्याला तेच फोटो दुसऱ्या एका पेजवर दिसले. किंमत निम्मी. लोकांच्या घरी पोचले ते भुसा दाबून केलेल्या फळीचे, वरून रंग फासलेले बैल. दोरी ओढली की पाय निखळायचा. चिडलेले लोक शोधत शोधत आमच्या पेजवर आले, कारण चित्र आमचंच होतं. खाली "चोर", "फसवे", काय काय लिहून गेले.

बाबांना बारीक अक्षरं दिसत नसत, मी वाचून दाखवायची. त्या दिवशी मी चांगलं तेवढंच वाचत होते. त्यांच्या ते लक्षात आलं.

"तू मधातलं गाळून राहिली. सगळं वाच."

मी वाचलं. ते रंधा मांडीवर घेऊन ऐकत राहिले. मी म्हटलं, "हा माल आपला नाही, असं लिहून टाकते."

"लिही. पण खाली हेबी लिही, का तुटलेला नंदी घेऊन या, दुरुस्त करून देतो."

"बाबा, ते नंदी आपले नाहीत!"

"फोटो तं आपलाच पाह्यला ना त्यायनं?"

लोक आले. नागपूरहून एक जण मुलीला घेऊन बसनं आला, पिशवीत तीन पायांचा बैल. उतरला तो भांडायच्या तयारीनंच. त्या फळीत खिळा धरेना. बाबांनी तो बैल बाजूला ठेवला आणि भिंतीवरच्या फळीवरून स्वतःचा एक नंदी उतरवून मुलीच्या हातात दिला. बापानं तो उलटा करून पाहिला, बोट फिरवलं आणि हळूच म्हणाला, "माफ करा काका, मी काहीबाही लिहिलं." बाबा म्हणाले, "चहा घ्या."

तो नंदी कुणीतरी आधीच मागवलेला होता. असे बरेच गेले. त्यामुळे ज्यांनी खरोखर आमच्याकडे सांगितलं होतं, त्यांच्यातल्या कितीतरी घरी पोळ्याला नंदी पोचलाच नाही. त्यांनीही रागानं लिहिलं. त्यांचं रागावणं खरं होतं. पुढच्या वर्षी विचारणा अगदी कमी झाली. त्या व्यापाऱ्याचं पेज मात्र वाढत गेलं.

मग बाबांचा हात थरथरायला लागला. तोवर मी इतर गिऱ्हाइकांच्या फोटोंवर दुकानाचं नाव आडवं टाकायला शिकले होते. तुमच्याही फोटोंवर टाकू का, विचारलं. "टाक," म्हणाले, "पण तोंडावरून नको नेऊ. डोळे काढाले लय वेळ लागते मले." म्हणून मी नाव खाली कोपऱ्यात टाकलं.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. नागपूरहून त्यांचा मुलगा आला, दिवस करून छपराला कुलूप लावून गेला. पेज माझ्याकडेच आहे. पोळा जवळ आला तसे मेसेज यायला लागले आणि मी बाबा आता नाहीत म्हणून कळवत गेले.

त्यातच पांढुर्ण्याच्या एका बाईंनी मला एक फोटो पाठवला. त्यांच्या थोरल्या मुलासाठी बाबांनीच नंदी केला होता. आता धाकट्यासाठी हवा होता. फोटो भलत्याच कुठल्या दुकानाचा, नावाचा कोपरा कापलेला. खाली त्यांनी विचारलं होतं, "ताई, हा बाबांचाच नंदी आहे ना? घेऊ का?"

फोटोतला नंदी बाबांचाच होता, पण घरी पोचणारा त्यांचा नसता. मला हो लिहिता येईना, आणि नाहीही लिहिता येईना.