दिघोळकर संपले, असं मी म्हणालो

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या, म्हणजे मधे मधे मला थांबावं लागणार नाही. कारण मी जो घोळ घातलाय ना, तो आठवला की अजून माझे कान तापतात. चहा ओता, बिस्किटं इकडे सरकवा, आणि ऐका.

दिघोळकर माहीत आहेत ना? भयकादंबऱ्यांवाले! त्यांची 'अवेळ' मी पंधराव्या वर्षी साताऱ्याला वाचली. पुढचे आठ दिवस परसात एकटा गेलो नाही, एवढी टरकली होती. ती कादंबरी म्हणजे कादंबरी! त्यानंतर पन्नास वर्षांत मी असंख्य लोकांना सांगत आलोय की, 'अवेळ'सारखं मराठीत पुन्हा झालं नाही. परत वाचली का? छे! पाठ असलेलं पुस्तक कुणी परत वाचतं का?

आता इकडची गोष्ट. मी राहतो जे. पी. नगरला. सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून बंगळूरला आलो, निवृत्त झालो, इथलाच झालो. मल्लेश्वरमला आमचं मराठी वाचनालय आहे. दोन खोल्या, अकरा कपाटं, आणि ती सांभाळणाऱ्या शरयूअक्का. अक्का निपाणीकडच्या, पण तीन पिढ्या बंगळुरात. त्यांच्या मराठीत कानडी कुठून शिरतं आणि कुठून बाहेर पडतं, त्यांनाही कळत नाही. आणि मी? मी पुस्तक निवड समितीचा अध्यक्ष. समितीत मी एकटाच आहे, पण ते जाऊ दे.

एका रविवारी अक्का बैठकीत उठल्या. चेहरा नुसता फुललेला. "दिघोळकर येतो म्हणाले! लेकीकडं येणार आहेत बंगळूरला. वर्धापनदिनाला पाहुणे म्हणून यायला कबूल झाले. तीस वर्षं मी पत्रं लिहितेय त्यांना, तुम्हाला ठाऊक आहे की!"

टाळ्या पडल्या. मी नाही वाजवल्या.

"अक्का," मी म्हटलं, "संपलेल्या माणसाला हार घालायला हॉल कशाला घ्यायचा?"

"म्हणजे?"

"अहो, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस! याने आता कुणाला घाबरवायचं? याला स्वतःलाच जिना चढायची भीती वाटत असेल. 'अवेळ'नंतर उतारच आहे नुसता. आता ही नवी आलीय, 'पाठमोरी'. रद्दी आहे!"

"वाचलात काय?"

हा काय प्रश्न झाला? वाचायला कशाला हवी? चव कळायला अख्खं भांडं संपवायला लागतं का? मी तसं म्हणालोसुद्धा. अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं की, मला हातातला कप खाली ठेवावा लागला.

"सरी, ठीक आहे," अक्का म्हणाल्या. "दोन्ही पुस्तकं देते. पुढच्या रविवारी इथंच वाचून दाखवा, कुठं उतार आहे तो. सगळ्यांना पटलं तर मीच फोन करून नको म्हणते त्यांना. नाही पटलं तर तुम्ही गप बसायचं. आणि ती समिती पण सोडायची."

झालं! माझी अकरा वर्षांची समिती पणाला लागली. पण मला काळजी होती का? छट! मला अक्कांची कीव येत होती.

दोन्ही पुस्तकं नवीकोरी होती. 'अवेळ'ची जुनी प्रत कुणीतरी होसकोटेला नेली ती परत आलीच नाही, म्हणून तिची नवी आवृत्ती मागवली होती. प्रकाशक एक, आकार एक, जाडीही साधारण सारखीच. आता आमच्याकडे एक पद्धत आहे. नवं पुस्तक आलं की ते आधी शिवण्णाकडे जातं. शिवण्णा म्हणजे आठव्या क्रॉस रोडवरचा बाइंडर. हल्लीची डिंकाची पुस्तकं तीन वाचकांत पानं सोडतात, म्हणून तो ती उसवतो, दोऱ्याने शिवतो आणि वर जाड पुठ्ठा चढवतो. पुठ्ठ्यावर खाकी कागद, त्यावर फक्त नंबर. आमच्या वाचनालयातली सगळी पुस्तकं बाहेरून एकसारखी दिसतात. नाव वाचायला आत पहिलं पान उघडायचं.

मी उघडलं. 'पाठमोरी'. हातात पेन्सिल घेऊन बसलो, तपासनीसासारखा.

पहिल्याच पानावर विहीर! मी आडवा झालो हसून. "अगं विद्या, ऐक!" बायकोला हाक मारली. "म्हाताऱ्याने परत विहीर काढली! 'अवेळ'मध्ये विहीर वापरून झालीय, आता तीच उपसतोय!"

पुढे कंदील आला. समासात लिहिलं, 'हेही आधीचंच.' मग नवी नवरी, मग बंद माजघर. लिहिलं, 'स्वतःचीच नक्कल!' मग मागे वळून न बघणारी बाई. लिहिलं, 'लाज वाटली पाहिजे!' चाळिसाव्या पानापर्यंत माझी पेन्सिल बोथट झाली. वाक्यं तर काय विचारू नका! सारखी उद्गारचिन्हं, पानोपानी 'भेसूर' आणि 'विक्राळ'. वय झालं की माणसाचा हात थरथरतो म्हणतात, इथे भाषाच थरथरत होती.

विद्या कणीक मळत होती. म्हणाली, "इतकं सगळं आधीचंच असेल तर एकदा 'अवेळ' पण वाचून बघा ना शेजारी ठेवून."

"ती मला पाठ आहे."

"मग त्यातल्या नायिकेचं नाव काय?"

आता नाव कोण लक्षात ठेवतं? परिणाम लक्षात राहतो! तिला काय कळतंय साहित्यातलं, असा चेहरा करून मी खोलीत गेलो आणि संतापाच्या भरात थेट दिघोळकरांना पत्र लिहायला घेतलं. साधंसुधं नाही, सहा पानी. पृष्ठ क्रमांकांसकट. 'पृष्ठ एक, विहीर, केविलवाणी. पृष्ठ सतरा, कंदील, बालिश.' शेवटी लिहिलं, 'मी आपली 'अवेळ' पंधराव्या वर्षी वाचली आणि जन्मभर विसरलो नाही. तो दिघोळकर कुठे आणि हा कुठे! आता कृपा करून लेखणी खाली ठेवा. आपला एकेकाळचा चाहता, बापट.' पत्ता प्रकाशकाकडून मिळवला आणि बुधवारी स्पीड पोस्टने रवाना!

पत्र टाकल्यावर काय हलकं वाटलं म्हणून सांगू! येताना मसाला डोसा खाल्ला.

शुक्रवारी दुपारी 'अवेळ' उघडली. अख्खी वाचायची गरज नव्हतीच, मला हवा होता नमुन्याचा एक उतारा. मधलंच पान काढलं. एक बाई इमारतीचा जिना चढतेय. एकेक मजला. आणि प्रत्येक मजल्यावर दाराबाहेर तिच्याच चपला काढून ठेवलेल्या. बस्स, एवढंच! ना भेसूर, ना विक्राळ. आणि तेवढ्यात आमच्या दाराची बेल वाजली, तर मी खुर्चीतून वीतभर उडालो. भर दुपारी तीन वाजता! कुरिअरवाला होता. त्याने विचारलं, "सार, तब्येत ठीक है?"

याला म्हणतात लेखन! हा जिना मला मुळीच आठवत नव्हता, पण पन्नास वर्षांत एखादा जिना विसरायला होतोच की.

रविवारी वाचनालय भरलेलं. वीस-बावीस माणसं, पुढे अक्का, मांडीवर हात घट्ट धरून. मी उभा राहिलो आणि आधी 'पाठमोरी'तलं विहिरीचं पान वाचलं. कुत्सितपणे, हेल काढून, मधे मधे चष्म्यावरून बघत. कुणी हसेना. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी पदर अंगभर ओढून घेतला.

"छान आहे की," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"छान?" मी कडाडलो. "अहो, ही उष्टी विहीर आहे! तुमची अभिरुची मालिका बघून बघून बिघडलीय. आता ऐका खरं सोनं. 'अवेळ'!"

आणि मी जिना वाचला. काय शांतता पसरली सांगू! पंखा फिरतोय तेवढाच आवाज. चौथ्या मजल्यावर मी थांबलो आणि पुस्तक मिटलं. "आहे का हे 'पाठमोरी'त? हा फरक असतो तरुण आणि संपलेल्या लेखकात!"

"अय्यो, थांबू नका की," अक्का म्हणाल्या. त्यांचा चेहरा विचित्र झाला होता. "स्वल्प पुढं वाचा."

मी विजयाने पान उलटलं. मोठ्या आवाजात वाचलं, "आणि तेवढ्यात तिच्या पर्समधला मोबाइल वाजला."

आता शहाणा माणूस इथे खाली बसला असता की नाही? मी बसलो का? मी म्हणालो, "पाहिलंत! पन्नास वर्षांपूर्वी या माणसाला मोबाइल दिसला होता! याला म्हणतात प्रतिभा!"

अक्कांनी उठून माझ्या हातातून पुस्तक घेतलं, पुढचं वाक्य वाचलं आणि शांतपणे म्हणाल्या, "त्या मोबाइलवर तिनं कॅब बोलावलीय, बापटअण्णा. कॅबवाल्यानं ओटीपी मागितलाय. ते पण पन्नास वर्षांपूर्वी दिसलं होय?"

त्यांनी तिथल्या तिथे शिवण्णाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. दोन्ही पुस्तकं एकदमच उसवली होती, असं तो म्हणाला. नावाची पहिली पानं बाजूला काढून ठेवली होती आणि शिवताना मग अंदाजाने लावली. दोन्हींचा साइज एकच, कागद एकच. तोही काय करणार? "नंगे मराठी ओदक्के बरल्ला, सार," तो बिचारा म्हणाला. म्हणजे, मला मराठी वाचता येत नाही.

त्याला येत नाही हो. पण मला येतं ना? मी आयुष्यभर जिच्या आरत्या ओवाळल्या त्या 'अवेळ'ला ओळखलं नव्हतं. तिला उष्टी म्हणालो, रद्दी म्हणालो, समासात लाज काढली. आणि जी नवी कादंबरी न वाचताच मोडीत काढली होती, तिने मला भर दुपारी उडवलं होतं!

सगळे हसत सुटले. अक्का हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं. आता येऊ देत त्यांना निवांत."

तेव्हा मला ते आठवलं. "अक्का, मी त्यांना पत्र पाठवलंय."

"कसलं पत्र?"

मी सांगितलं. सहा पानं. पृष्ठ क्रमांक. लेखणी खाली ठेवा. सांगताना आवाज बारीक होत गेला. अक्का खुर्चीत बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तीस वर्षं," एवढंच म्हणाल्या. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी तिथेच फोनवर स्पीड पोस्टचा नंबर टाकून पाहिला. एरवी पत्र आठ-आठ दिवस रखडतं की नाही? हे शनिवारी सकाळीच पोचलं होतं!

समिती मी त्याच दिवशी सोडली. माफीचं पत्र पाठवलं, त्याला उत्तर आलं नाही. अक्कांनी फोन केला, तो लागेना. पुढचे पंधरा दिवस अक्का माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. हॉलचे पैसे भरलेले, पत्रिका वाटलेल्या, आणि पाहुण्याचा पत्ता नाही. विद्या म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी घरीच थांबा." पण मी गेलो. शेवटच्या रांगेत, खांबाच्या आड बसलो.

आणि दिघोळकर आले की हो! लेकीच्या हाताला धरून, एवढेसे, कानात यंत्र. तासभर बोलले आणि अख्खा हॉल गारठवून टाकला. पत्राचा एक शब्द नाही! अक्कांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. मी मनात म्हटलं, पोचलंच नसेल पत्र, किंवा विसरला असेल म्हातारा. सुटलो!

तेवढ्यात माइकवरून त्यांचा आवाज आला. "यात बापट कोण?"

दोनशे माना मागे वळल्या. अक्कांनी बोट दाखवायची गरजच नव्हती. मी गेलो. अक्कांनी सह्यांसाठी वाचनालयाची पुस्तकं टेबलावर मांडली होती, तीच नावांची अदलाबदल होऊन शिवलेली. दिघोळकरांनी आतून 'अवेळ' असलेलं पुस्तक उचललं, माझे समासातले शेरे चवीने चाळले आणि म्हणाले, "तुमचं सगळं बरोबर आहे हो. अठ्ठाविसाव्या वर्षी मी खरंच फार विक्राळ लिहायचो." मग पहिल्या पानावर काहीतरी लिहिलं, सही केली आणि पुस्तक माझ्या हातात दिलं.

लिहिलं होतं, 'श्री. बापट यांस, पत्रावरून कळलं की पंधराव्या वर्षी आपण फार चांगले वाचक होतात. मग उतार कधीपासून लागला?'

पुस्तक वाचनालयाचं, त्यामुळे ते परत करावं लागलं. अक्का सांगतात, सध्या सगळ्यात जास्त मागणी त्याच पुस्तकाला आहे. लोक रांग लावून नेतात, पहिलं पान वाचतात आणि लगेच परत आणून देतात.