चौथ्या पत्र्यावरची घोंगडी

लग्नाला वर्ष व्हायच्या आत मी लॉरीत संसार थाटला. हे ऐकलं की माहेरच्या नातसुनांना वाटतं, म्हातारी फेकतेय. पण खरंच. लष्कराच्या भंगारातली ती लॉरी सासऱ्यांनी घेतली, आणि लोणी भापकरची वांगी-पेरू भरून माझे यजमान बारामती-इंदापूरचे बाजार करू लागले. बाहेरचं खाऊन त्यांचं पोट बिघडलं, तेव्हा सासूबाईंनी रांधायला मला बरोबर धाडलं. ड्रायव्हरच्या जागेला पाठ लावून मागं पत्र्याची खोली ठोकली गेली. तिच्यात एक फळी, वाळूच्या पेटीत शेगडी आणि मी.

घरात नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. थोरांपुढं तोंड उघडायचं नाही, नाव तर घ्यायचंच नाही. लॉरीत ऐकायला वांग्यांशिवाय कोणी नव्हतं, तरी मी नाव घेतलं नाही. हाक मारायची झाली की पळी उचलून मधल्या पत्र्यावर हाणायची. पलीकडून ते बोटांनी ठोकायचे. कधी पाणी हवं म्हणून, पुष्कळदा उगीचच.

पण लॉरी खड्ड्यातून निघाली की चारी पत्रे असे थडथडायचे, की राणीसरकारांना झोप लागेना. डाळजच्या माहेरानं दिलेल्या नव्या घोंगड्या होत्या. त्या चारी बाजूंना ठोकायच्या, म्हणजे आवाज बंद, असं मी ठरवलं.

"तीन बाजूंना ठोक," ते म्हणाले. "मधला पत्रा ऱ्हाऊ दे."

"त्योच तर लई वाजतोय!"

"वाजू दे की. तुझी पळी वाजल्याबिगर मला गाडी चालवाय करमत न्हाय."

"मी काय पळी हाणाय जल्माला आलीया व्हय?"

बघा अक्कल! एवढं गोड बोलणाऱ्या माणसाला मी हे उत्तर दिलं. बारामतीत ते माल उतरवत होते तेवढ्यात चौथी घोंगडीही ठोकून टाकली. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, ती आधी धुवायची असते, हेसुद्धा बाईसाहेबांच्या ध्यानात आलं नाही.

इंदापूरच्या वाटेवर मी मेल्यासारखी झोपले. जाग आली ती मागच्या दाराचा फळका धाडकन उघडला तेव्हा. लॉरी रस्त्याकडेला उभी आणि दारात ते, तोंडावर रक्त नाही.

"हितंच हायस व्हय?"

"मग कुठं जाईन?"

"किती ठोकलं! वाटलं, फळका निसटून पडलीस कुठंतरी."

मी खो खो हसले. ते आत येऊन फळीवर बसले. तरी मी हसतच राहिले. मग त्यांनी मधली घोंगडी उपसली. मागून टुणकन उंदीर निघाला, खळ खायला आलेला.

"घे, तुझा पाव्हना," म्हणाले, आणि तेही हसले.

त्याच पावसाळ्यात त्यांना ताप आला. बारामतीच्या दवाखान्यात शेवटी त्यांची वाचा गेली. लोखंडी खाटेच्या दांडीवर ते बोटं वाजवायचे. पाणी दिलं तर नको म्हणून मान हलवायचे. सासऱ्यांना वाटलं, तापानं कापरं भरलंय. मला कळत होतं. पण सासरे उशाशी बसलेले, नि मी पदर ओढून भिंतीला टेकलेली. हातात पितळी भांडं होतं. ते दांडीला एकदा टेकवलं असतं तरी पुरे होतं. सुनेला ते शोभलं नसतं. बोटं थांबेपर्यंत मी भांडं छातीशी घट्ट धरून उभी राहिले, आवाज होऊ नये म्हणून.

तेराव्यानंतर धाकट्या दिरानं त्याच लॉरीतून मला डाळजला पोचवलं. तीन बाजूंना घोंगड्या होत्या, मधला पत्रा उघडा. शेगडीशेजारी पळी तशीच पडली होती. भिगवणच्या अलीकडं माझा हात कधी उठला, मलाच कळलं नाही.

लॉरी थांबली. दीर खाली उतरून मागं आले.

"काय झालं, वैनी? काय पायजे?"

"काय न्हाय, भावजी," म्हटलं. "चला."