बदकाने काढलेलं उट्टं

नाझिक खलफ डूख धरणारी बाई होती, आणि हे ती स्वतःच अभिमानाने सांगायची. अम्मानमध्ये लुवैबदाच्या टेकडीवर एक स्टुडिओ होता. तिथे ती परदेशी कार्टूनना अरबी आवाज द्यायची. पोरांचे आवाज तिकडे बायकाच काढतात, त्यामुळे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नाझिक दहा वर्षांच्या शिहाबच्या आवाजात बोलायची. शिहाब म्हणजे पाठीवर लाल कापड बांधून आभाळात उडणारा, दुष्टांना लोळवणारा मुलगा.

त्या कार्टूनचं काही धड नव्हतं. दुष्टाचं पाळीव बदक केळ्याच्या सालीवरून घसरे, पोरं खो खो हसत, आणि पुढच्याच मिनिटाला तो दुष्ट कुणाचं तरी घर पेटवून देई. सहा वर्षांच्या पोराला हसवायचं की बारा वर्षांच्याला रडवायचं, हे बनवणाऱ्यांनाच ठरवता आलं नव्हतं. बाराव्या भागात शिहाबचा बाप भिंतीखाली चिरडून मरतो. पण स्टुडिओची रीत अशी, की अरबीत कुणी मरत नाही. मेलेला माणूस प्रवासाला जातो. दिग्दर्शक राघिब तुतुनजीने कागदावर तसंच लिहून दिलं.

"उस्ताद, पोरगं बापाचा जोडा छातीशी धरून बसलंय," नाझिक म्हणाली. "जोडा टाकून कोण प्रवासाला जातं?"

राघिबने सवयीने दोनदा घसा खाकरला. "पोरांना कळत नाही. पुढे चला."

नाझिकने ते वाक्य लिहिल्याप्रमाणे वाचलं, पण वाचून झाल्यावर अशी रडली की ध्वनिमुद्रणाच्या यंत्रापाशी बसलेल्या अबू राइदने कानावरचे हेडफोन काढून ठेवले. राघिबने ते रडणं कापलं. दुसऱ्या दिवशी शिहाबचा आवाज स्वतःच्या मेहुणीला दिला आणि नाझिकच्या गळ्यात बदक मारलं.

नाझिकच्या पायाची आग मस्तकात गेली, आणि तिला तसंच कारण होतं. ती सात वर्षांची असताना तिचा बाप नोकरीसाठी कुवेतला गेला, असं आईने सांगितलं होतं. आई त्याचे जोडे दर आठवड्याला पुसून दारामागे ठेवायची. दारात टॅक्सी थांबली की पोरगी धावत सुटायची. अशी तीन वर्षं गेली. मग एका ईदला ती मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर कबरस्तानात गेली आणि तिथल्या एका दगडावर तिने बापाचं नाव वाचलं. घरी येऊन ती काही बोलली नाही. आई कधीतरी स्वतः सांगेल, याची ती तेव्हापासून वाट पाहत होती.

आता बदकाची एक गंमत असते. माणसाच्या ओठांवर शब्द मोजूनमापून बसवावे लागतात. चोच नुसती उघडते आणि मिटते, तिच्यात काहीही मावतं. शिवाय बदकाचे प्रवेश राघिब तपासायचाही नाही.

पुढच्या भागापासून बदक घसरून पडलं की दोनदा घसा खाकरू लागलं आणि म्हणू लागलं, "पोरांना कळत नाही. पुढे चला." महिन्याभरात टेकडीवरची पोरं राघिबला पाहून घसे खाकरू लागली. जेवताना त्याच्या धाकट्या लेकीनेही खाकरून दाखवलं. बदकाला गप्प करावं, तर आपली नक्कल आपणच ओळखल्यासारखं होणार. बिचारा मूग गिळून बसला. नाझिकला त्या दिवसांत भूक फार छान लागायची.

पण एवढ्यावर तिचं समाधान नव्हतं. शेवटच्या भागात शिहाब विचारतो, "माझे बाबा कधी येणार?" दुष्ट गप्प राहतो आणि बदक चोच हलवतं.

"अबू राइद, तुम्ही चहा पिऊन या."

"टेप बंद करू?"

"चालू राहू द्या."

अबू राइद टेप चालू ठेवून बाहेर गेला.

तो भाग संध्याकाळी पाचला लागला. नाझिकची म्हातारी आई तिच्याशेजारी टीव्हीसमोर मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत बसली होती. बदकाने दोनदा घसा खाकरला. "प्रवास कसला? तुझा बाप मेलाय, पोरा. सगळ्यांना ठाऊक होतं. तुझ्याशी खोटं बोलले." लगेच शेवटचं गाणं वाजायला लागलं आणि बदक केळ्याच्या सालीवरून घसरलं.

फोन वाजला. राघिबच होता. "उद्यापासून येऊ नका. काय केलंत हे? लहान लहान पोरं पाहत होती."

"पोरांना कळत नाही, उस्ताद," नाझिक म्हणाली. "पुढे चला." आणि तिने फोन ठेवला.

आईचे हात थांबले होते. "ते बदक तू होतीस ना?"

"हो, यम्मा."

"कधी कळलं तुला?"

"दहाव्या वर्षी."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस गं?"

"तू बोललीस?"

म्हातारीने पानांची परात बाजूला सारली, तोंडाला ओढणी लावली आणि मोठ्याने रडू लागली. नाझिक जागची उठली नाही, टीव्हीचा आवाजही तिने वाढवला नाही. हे रडणं तिला शेवटपर्यंत ऐकायचं होतं, न कापलेलं.