पाणी न पिता निघालात?

माझी बायको म्हणते, या माणसाचा दोन गोष्टींवर कधीच विश्वास बसायचा नाही. एक भूत, आणि दुसरं गिऱ्हाइकाचं 'उद्या कळवतो'. खरं आहे. यवतमाळात घरं-प्लॉट दाखवता दाखवता माझे केस पांढरे झाले. स्मशानाला लागून असलेले प्लॉट मी 'शांत परिसर' म्हणून विकलेत. भूत भेटलं असतं, तर त्यालाही एखादी खोली भाड्याने दाखवली असती.

तर मंडळी, सावरून बसा. हे सगळं भर दुपारी घडलं. अमावास्या, घुबड, कुत्र्याचं रडणं... यातलं काहीच माझ्याकडे नाही, आधीच माफी मागतो. माझ्याकडे आहे फक्त एक माठ.

दारव्हा रोडच्या आतल्या गल्लीत एक तीन मजली इमारत आहे. तिच्या अगदी वर एक खोली, खोलीतच स्वयंपाकाचा ओटा, बाजूला न्हाणीघर, आणि दार उघडलं की खोलीच्या तिप्पट मोठी गच्ची. जाहिरातीत 'स्टुडिओ अपार्टमेंट विथ प्रायव्हेट टेरेस', आमच्या भाषेत 'एक खोली अन् हे मोठी गच्ची'. तिथे एक काकू एकट्या राहायच्या. त्या वारल्या. पुण्याच्या मुलाने सामान नेलं, पाण्याची टाकी रिकामी करून पालथी घातली, एकुलती एक किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "विकून टाका."

मे महिना. उन्हात उभं राहिलं तर सावलीसुद्धा पायाखाली लपून बसते, असे दिवस. पहिलं गिऱ्हाईक एक तरुण जोडपं. खोली पाहिली, गच्ची पाहिली. गच्चीवर टिनाच्या सावलीत एक माठ, भोवती ओलं फडकं, झाकणावर पालथं पितळी फुलपात्र. मी झाकण काढलं — काठोकाठ पाणी! वाळ्याचा वास!

आता बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. त्या उन्हाळ्यात आमच्या गावात नळ कधी येणार, हे खुद्द नळालाही ठाऊक नव्हतं. लोक शेजाऱ्याला साखर देत होते, दूध देत होते, पाणी मागितलं की विषय बदलत होते. अशात बंद घरात भरलेला माठ? मला वाटलं, खालचं कोणीतरी पुण्य कमावतंय.

जोडपं 'उद्या कळवतो' म्हणून गेलं. मी दार ओढलं — लागेना. बोटभर फट राहायची. लाकूड फुगलं म्हणावं तर पावसाळा नव्हे. खांदा लावला, लाथ मारली, माझ्या तोंडून निघालेले शब्द इथे छापता येणार नाहीत. शेवटी घसा कोरडा पडला. आत गेलो, फुलपात्रभर पाणी प्यालो. परत येऊन दार नुसतं टेकवलं... अन् ते लागलं! कडी लोण्यासारखी सरकली.

योगायोग. मीही तेच म्हणालो.

मग एक ठेकेदार आला, पाहून गेला. दार लागेना. पाणी प्यालो, लागलं. मग एक मास्तर. तेच. चौकशी केली तर खालचे म्हणाले, "किल्ली तुमच्याजवळ, अन् पाणी आम्ही भरू? आमाले प्यायले नाइ इथं!"

मी गणेशोत्सवातल्या नाटकांत इन्स्पेक्टरच्या भूमिका केलेला माणूस. तपास हा आपला प्रांत. मी फुलपात्रभर पाणी प्यालो, उरलेलं ओतलं, माठ पालथा घातला, दाराला माझ्या घरचं नवं कुलूप लावलं. दुसऱ्या दुपारी उघडलं. माठ सरळ. काठोकाठ. फडकं ओलं, आणि फुलपात्र घासून लख्ख.

अंगावर काटा म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. शेहेचाळीस डिग्रीत थंडी वाजत होती!

रात्री मुलाला पुण्याला फोन केला. भुताचं काही बोललो नाही, उगाच विचारल्यासारखं केलं, "काकूंचा स्वभाव कसा होता हो?" तो हसला. "आईचं एकच वेड होतं. आलेला माणूस पाणी न पिता गेलेला तिला चालायचा नाही. दार धरून उभी राहायची. पोस्टमनसुद्धा सुटायचा नाही."

मी फोन ठेवला. गटागटा पाणी प्यालो. बायको म्हणाली, "आज काय झालं?" म्हटलं, "काही नाही, सवय लावून घेतोय."

बघा ना, आमच्याकडे उन्हातून आलेल्याला आधी पाणी, मग 'कोण, कुठले'. पण विकाऊ घरात कोण कोणाला पाणी विचारतं? गिऱ्हाईक आपली बाटली घेऊन येतं, भिंती ठोकून पाहतं आणि निघून जातं. इतके लोक त्या घरात येऊन गेले, एकही पाहुणा म्हणून आला नाही.

मग आल्या सुशीलाताई. निवृत्त नर्स, लग्न केलं नाही. सगळी नोकरी घाटंजीकडे क्वार्टरमध्ये, आणि आता बोरी अरबला भावाच्या घरी. सोबत तो भाऊही होता, तोंड आंबट करून.

"सुशे, एकटी राह्यशीन इथं? रातच्याले दुखलं-खुपलं तं कोनाले आवाज देशीन?"

"तुह्या घरी सहा जनं हायेत. कोन ऐकते रे माहा आवाज?"

"लोक काय म्हनतीन? भावानं काढली म्हनतीन!"

"म्हनू दे. बाप्पा, साठ वर्सं झाली. कोनी आलं तं 'या, बसा, पानी घ्या' असं म्हनाले माह्याजवळ कधी माहा उंबरठा होता का? क्वार्टर सरकारचं, घर तुह्या बायकोचं."

सुशीलाताई सरळ गच्चीवर गेल्या. खोलीकडे पाहिलंसुद्धा नाही. माठ दिसला तसं फुलपात्र विसळलं, भरलं, आधी भावाला दिलं, मग मला, मग स्वतः प्यायल्या. मी मांजरासारखा दारापाशी गेलो. एका बोटाने ढकललं. लागलं.

आता बोलावं की नाही? गप्प राहिलो तर सौदा पक्का. पण ही बाई इथे एकटी राहणार होती. मी तिथेच सगळं सांगून टाकलं. भाऊ तर खूश झाला. "पाह्य! भूत हाये! चाल घरी!"

सुशीलाताईंनी माठावर झाकण नीट बसवलं. म्हणाल्या, "या उन्हात परक्या मानसाले पानी देऊन राह्यली थे. अन् भूत म्हनता तुम्ही तिले?"

घर घेतलं त्यांनी.

त्या राहायला गेल्या त्या दिवसापासून माठ आपोआप भरणं बंद झालं. साध्या माठासारखा माठ. पितळी फुलपात्र त्यांनी धुऊन कपाटात वर ठेवून दिलं, काकूंची आठवण म्हणून. मला वाटलं, चला, काकू सुटल्या. घरात पाणी विचारणारं माणूस आलं.

महिन्याने सहज गेलो. ताईंचा आनंद काय वर्णावा! "या गजूभाऊ, बसा! माह्या घरचे पयले पाहुने तुम्ही. थांबा, पानी आनतो." त्या माठातून स्टीलच्या पेल्यात पाणी घेत होत्या. मी गच्चीच्या कठड्यापाशी खुर्चीवर टेकलो, मान वळवली...

कठड्यावर पितळी फुलपात्र. काठोकाठ भरलेलं. बाहेरून थंड घाम फुटलेला. वाळ्याचा वास. क्षणापूर्वी तिथे ऊन सोडून काही नव्हतं, शपथेवर सांगतो.

ताई पेला घेऊन वळल्या. फुलपात्र पाहिलं. मला वाटलं, आता किंचाळतात. पण त्यांनी पदर खोचला, आणि टिनाखालच्या रिकाम्या सावलीकडे पाहून कडाडल्या —

"मावशी! हे माहे पाहुने होत! आयुष्यात पयल्यांदा कोनाले तरी मी माह्या घरी पानी देऊन राह्यली, अन् तुम्ही मधात? काहून?"

खाली गल्लीत भंगारवाल्याने आरोळी दिली. मग माझ्या डोळ्यांदेखत ते फुलपात्र कठड्यावरून सरकलं. पडलं नाही. हातभर मागे सरकलं आणि थांबलं. अगदी एखादी वडीलधारी बाई 'बरं बाई, तू दे आधी' म्हणून बाजूला होते ना... तसं.

मी आधी ताईंचा पेला प्यालो. मग फुलपात्र. दोन्ही. पोट तुडुंब.

याचा अर्थ काय, मला विचारू नका. एका सायन्सच्या सरांनी बाष्प, दाब, भिंतीचा उतार असं बरंच सांगितलं. त्यांना म्हटलं, चला माझ्याबरोबर, एकदा बघा. आले नाहीत. मी मात्र अधूनमधून जातो. दर वेळी दोन पेले. ताईंना आता रागही येत नाही. निघताना त्या दाराच्या आत उभ्या राहतात, आणि दार मी कधी ओढत नाही.

ते माझ्यामागे हलकेच लागतं. ताईंचे दोन्ही हात तेव्हा मला नमस्कार करण्यात गुंतलेले असतात.